वीतभर उंचीचा नाइट रंगवायचाय? सोलापूरच्या उन्हात मोठी मिनिएचर कशी पूर्ण करायची, स्प्रूपासून बेसपर्यंत

छोटे सैनिक रंगवायला जरा जमायला लागले की मोठा किट घ्यायचा मोह होतोच, आणि तो घरी आला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, छोट्याला जसं रंगवतो तसंच मोठ्याला रंगवायला घेतात. म्हणजे आधी सगळं चिकटवून टाकायचं, मग प्राइमर म्हणजे रंग धरावा म्हणून मारायचा पहिला थर, मग ब्रश घेऊन वरून खाली सुरू. २८ मिमीच्या सैनिकाला ते चालून जातं कारण ब्रश सगळीकडं पोचतो आणि जिथं पोचत नाही तिथं कुणाचं लक्षही जात नाही. वीतभर उंच मॉडेलला नाही चालत. पायाच्या आत पिस्टन असतात, त्यावर चिलखताचे पत्रे, त्या पत्र्यांच्या मागं परत पाइप, आणि एकदा चिकटवलं की तिथं ब्रशच काय काडीसुद्धा जात नाही. माझं मत असं झालंय की मोठ्या मॉडेलमध्ये रंगाचं काम निम्मंच असतं, उरलेलं निम्मं क्रमाचं असतं, काय कधी चिकटवायचं आणि काय शेवटपर्यंत सुटं ठेवायचं. आणि सोलापुरात राहत असाल तर दिवसाच्या कुठल्या वेळी काय करायचं हा पण त्याच क्रमाचा भाग आहे.

मी सगळं इम्पीरियल नाइट समोर धरून लिहितेय कारण मी तोच रंगवलाय. वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर मिनिएचर मांडून खेळायचा गेम १९८७ पासून आहे, पण हा दोन पायांचा चिलखती यंत्रमानव प्लास्टिक किट म्हणून २०१४ ला आला. तुमच्याकडं ड्रॅगन असेल, रणगाडा असेल, थ्रीडी प्रिंट केलेला राक्षस असेल, तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात, जिथं फरक पडतो तिथं सांगते.

आधी आठवडाभर रंगाची बाटली उघडू नका

किट उघडला की माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचा आणि पेन्सिलने प्रत्येक पानावर खुणा करा की हा भाग रंगवायच्या आधी चिकटवायचा का नंतर. माझा नियम सोपा आहे, दोन भाग वेगवेगळ्या रंगाचे असतील आणि एकाच्या मागं दुसरा लपत असेल तर ते सुटे ठेवायचे. नाइटचं त्यामुळे असं होतं: पाय आणि धड मिळून एक सांगाडा, दोन्ही हात सुटे, डोकं सुटं, पाठीवरचं मोठं कवच म्हणजे कारापेस सुटं, आणि मांड्या, नडग्या, खांदे, पावलं यांचे चिलखताचे सगळे पत्रे सुटे. ड्रॅगन असेल तर पंख सुटे, स्वार सुटा, आणि तोंड उघडं असेल तर खालचा जबडा पण सुटा ठेवा, नाहीतर जीभ कशी रंगवणार.

जेवढे गट तेवढ्या झिपवाल्या पिशव्या घ्या आणि वर मार्करने लिहा. डावी नडगी आणि उजवी नडगी दिसायला सारखी असतात पण बसत नाहीत, आणि स्प्रूवरचा, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरचा, नंबर एकदा कापून गेला की परत कळत नाही. म्हणून पत्र्याच्या आतल्या बाजूला, जी कधीच दिसणार नाही तिथं, तो नंबर लिहून ठेवा.

कापायला साइड कटर किंवा निपर, त्याची सपाट बाजू मॉडेलकडं, आणि पहिला काप जरा लांबून घ्या मग जवळून दुसरा, नाहीतर प्लास्टिक ताणून पांढरं पडतं. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं एक बारीक रेघ आलेली असते, मोल्ड लाइन म्हणतात तिला, ती पेपर कटरच्या पात्याच्या उलट्या बाजूने खरवडून काढायची. ह्याचा कंटाळा येतो खरा पण मोठ्या मॉडेलवर ही रेघ लपतच नाही, उलट ड्रायब्रश केला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरवर फिरवला, की पहिली तीच उठून दिसते. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ८००, दोन्ही ओले करून. रेझिनचा किट किंवा थ्रीडी प्रिंट असेल तर ओलं घासणं सक्तीचंच समजा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. रेझिनचे भाग आधी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्यातून निघावं म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी त्याच्यावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही.

चिकटवताना एवढं लक्षात ठेवा की प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, त्यामुळे ते फक्त प्लास्टिकलाच चालतं. रेझिन आणि धातूला फेविक्विकसारखा सुपरग्लू. जड हात किंवा पंख असेल तर नुसत्या सुपरग्लूवर भरवसा ठेवू नका, १ मिमीच्या हातड्रिलने दोन्ही बाजूला भोक पाडून कागदाच्या क्लिपची तार आत घाला, ह्याला पिनिंग म्हणतात. हात बदलता यावेत असं वाटत असेल तर ५ × २ मिमीचे निओडिमियम मॅग्नेट बसवा, पण बसवायच्या आधी प्रत्येक मॅग्नेटच्या वरच्या बाजूला मार्करने ठिपका द्या, कारण एक उलटा बसला की तो हात धडाला चिकटायच्या ऐवजी लांब पळतो आणि मग खोदून काढावं लागतं. फटी भरायला मिलिपुट नावाची पुट्टी मागवायलाच पाहिजे असं नाही, हार्डवेअरच्या दुकानातलं एमसील मोठ्या फटीला व्यवस्थित चालतं, ओल्या बोटाने सारखं करायचं आणि दुसऱ्या दिवशी घासायचं.

पत्रे रंगवताना धरायचे कशाला? आइस्क्रीमच्या काड्या आणि ब्लू टॅक, किंवा टूथपिकला क्रोकोडाइल क्लिप, आणि हे सगळं थर्माकोलच्या ठोकळ्यात खोचून. इथं मला उशिरा सुचलेली एक गोष्ट सांगते. सगळे पत्रे एकदा ब्लू टॅकने सांगाड्यावर तात्पुरते लावून बघा आणि प्रत्येकाची वरची बाजू कुठली ते त्याच्या काडीवर बाण काढून ठेवा. सुट्या पत्र्याचं वर-खाली हातात कळत नाही, आणि पुढं उजेड-सावली रंगवताना एखादा पत्रा उलटा रंगवला गेला तर तो लावल्यावर मॉडेल वेडंवाकडं दिसतं आणि का दिसतंय ते पटकन समजत नाही. जिथं गोंद लागणार आहे तिथं मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून झाका, नाहीतर शेवटी गोंद प्लास्टिकला न धरता रंगालाच धरतो आणि रंगासकट निघून हातात येतो.

प्राइमर आणि आपलं ऊन

परदेशातल्या व्हिडिओत सांगतात की बाहेर जा, हवा बरी आहे का बघा आणि स्प्रे मारा. त्यांची भीती थंडीची आणि ओलाव्याची असते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो, कधी ४२-४३, आणि हवा कोरडी ठणठणीत. ह्यात काय होतं तर डब्यातून निघालेला प्राइमर मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पावडर होऊन बसतो. हात फिरवला की बारीक वॉटर पेपरसारखं खरखरीत लागतं. छोट्या सैनिकावर कदाचित कळणार नाही पण कारापेसच्या मोठ्या गुळगुळीत घुमटावर प्रत्येक कण दिसतो. माझा पहिला कारापेस असाच गेला, मे महिना, दुपारचे दोन, गच्ची. १००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने सगळा घासून परत केला, दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

तर उन्हाळ्यात प्राइमर सकाळी सहा ते साडेसात. संध्याकाळी नको, कारण दिवसभर तापलेली गच्ची रात्री नऊपर्यंत गरमच असते आणि वारा पण सुटतो. डबा आदल्या रात्री घरात सावलीत ठेवा, उन्हात तर अजिबात नको, त्याच्यावरच लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापवू नका, आणि आपल्याकडं उन्हातला पत्रा त्याच्याही पुढं जातो. दोन मिनिटं हलवा, अगदी पूर्ण दोन मिनिटं घड्याळ लावून. अंतर साधारण २० सेंमी, उन्हाळ्यात ह्याहून लांब जाऊ नका. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून मॉडेलवरून नेऊन बाहेरच थांबवायचा. एका झटक्यात सगळं काळं करायचा हट्ट नको, तीन पातळ हात द्या, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून. पावसाळ्यात उलटा त्रास, हवेतल्या ओलाव्याने मॅट वार्निश पांढरट धुरकट पडतं, तेव्हा पाऊस पडून गेल्या गेल्या नको, कोरडा दिवस बघा. दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले, माझ्या हातात असतं तर सगळं स्प्रेचं काम मी त्याच महिन्यांत केलं असतं.

गाड्यांच्या पेंटच्या दुकानात मिळणारा प्राइमर चालतो का हे सगळे विचारतात. चालतो, पण त्यातला थिनर कडक असतो आणि जाड हात बसला तर प्लास्टिकच्या बारीक कडा खाऊन टाकतो. आधी रिकाम्या स्प्रूवर मारून बघा, दुसऱ्या दिवशी नखाने खरवडा, मगच मॉडेलवर.

आमच्या पूर्व भागात अजून एक गोष्ट आहे जी कुठल्याच गाइडमध्ये सापडणार नाही. आजूबाजूला पावरलूम आहेत, टॉवेलचे कारखाने आहेत, त्यामुळे हवेत सुताचे बारीक तंतू कायम तरंगत असतात. ओल्या प्राइमरवर किंवा वार्निशवर एक जरी बसला तरी वाळल्यावर केसासारखा दिसतो. मी पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवून त्यात स्प्रे मारते, आधी खोक्याच्या आत पाणी शिंपडते म्हणजे धूळ आणि तंतू खाली बसतात, आणि स्प्रे झाला की लगेच वरून दुसरा खोका झाकते. अर्धा तास उघडायचं नाही.

सांगाडा काळ्याने प्राइम करा. चिलखताचे पत्रे पण मी काळ्यानेच करते, पण तुमचा मुख्य रंग पिवळा किंवा पांढरा असेल तर करडा किंवा क्रीम घ्या, काळ्यावर पिवळा चढवताना दहा हात द्यावे लागतील.

सांगाडा एका रविवारी उरकतो

ह्यात फार डोकं लावायचं नाही. मोठा मऊ ब्रश घ्या, मेकअपचा ब्लशवाला ब्रश ह्याला उत्तम आहे आणि हॉबीच्या ब्रशच्या मानाने स्वस्त पण पडतो. गडद मेटॅलिक रंग, सिटाडेलचं लेडबेल्चर किंवा तसलं काही, ब्रशला घेऊन कागदावर जवळजवळ सगळं पुसून टाका आणि काळ्या सांगाड्यावर भरभर फिरवा. उंच भागावर धातू चढतो, खाचेत काळं राहतं. मग काळपट-तपकिरी वॉश, म्हणजे खाचेत उतरून बसणारा पातळ रंग, सगळीकडं. वाळला की फक्त वरच्या कडांना उजळ चांदी. काही पाइप तांब्याच्या रंगाचे, एखादी केबल लाल, झालं. मेटॅलिक रंगात चकाकी देणारे बारीक कण असतात, ते पाण्यात उतरतात आणि मग पुढच्या सगळ्या रंगात चमचम येते, म्हणून मेटॅलिकसाठी पाण्याचा वेगळा ग्लास आणि वेगळा ब्रश ठेवा.

चिलखत, म्हणजे खरं काम

मोठ्या मॉडेलची खरी अडचण मोठे सपाट भाग हीच आहे. छोट्या सैनिकावर मूर्तीतच इतक्या खाचा आणि घड्या असतात की वॉश टाकला की अर्धं काम तोच करतो. नाइटच्या कारापेसवर वॉश ओतलात तर डाग पडतात, चहा सांडल्यासारखे. आणि नुसता एकच रंग सपाट लावला तर खेळण्यासारखं प्लास्टिक दिसतं.

मला ह्याचं उत्तर आमच्या अण्णांनी दिलं, त्यांनी आयुष्य लूमवर जॉबर, म्हणजे लूम नीट चालू ठेवणारा कारागीर, म्हणून काढलंय. मी मरून रंगाचा पत्रा रंगवून दाखवला तर म्हणाले, "अगं, हा रंग मेलेला आहे. ताणा एक आणि बाणा दुसरा असला की कापड जिवंत दिसतं, तू दोन्हीकडं एकच सूत घातलंयस." चादर जवळून बघितली तर कळतं ते काय म्हणत होते, लांबून जो एक रंग वाटतो तो उभ्या आणि आडव्या धाग्यांचे दोन-तीन रंग मिळून झालेला असतो. तेव्हापासून मी कुठलाच मोठा पत्रा एका रंगाने रंगवत नाही.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेन, असेल तर: ०.३ मिमीची सुई, १५ ते २० पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ. काळ्या प्राइमरवर आधी गडद चॉकलेटी-लाल, सगळीकडं पण खाचांमध्ये काळं थोडं दिसू द्यायचं. मग मरून, पत्र्याच्या मधल्या आणि वरच्या भागावर. मग त्यात थोडा नारिंगी मिसळून फक्त वरच्या तिसऱ्या हिश्शात. लाल उजळ करायला पांढरा घालू नका, गुलाबी होतो, नारिंगी किंवा मातकट पिवळा घाला. आता त्या काडीवरच्या बाणाचा उपयोग, उजेड कायम बाणाच्या बाजूला. आणि सगळ्यात उजळ भाग चेहऱ्याच्या जवळचे ठेवा, पाय गडद राहिले तरी चांगलंच दिसतं, बघणाऱ्याची नजर आपोआप वर जाते. उन्हाळ्यात एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंग दर दोन मिनिटांनी वाळतो, तेव्हा रंग लवकर वाळू न देणाऱ्या फ्लो इम्प्रूव्हर किंवा रिटार्डरचे दोन-तीन थेंब घाला आणि ओल्या इअरबडने टोक पुसत राहा.

एअरब्रश नसेल तरी काही बिघडत नाही, मी पहिला नाइट ब्रशनेच केला. छोटा ब्रश बाजूला ठेवा, अर्धा इंच रुंद सपाट सिंथेटिक ब्रश घ्या, दोन भाग रंग आणि एक भाग पाणी, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दिशेने ओढा. ओढून झालेल्या जागेवर परत जाऊ नका, अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरला की तो खरडला जातो आणि ओरखडे कायमचे राहतात. आपल्या हवेत रंग मिनिटभरात सुकायला लागतो म्हणून पंखा बंद ठेवून काम करा, मला माहितीये मे महिन्यात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, म्हणून पहाटे बसा. तीन ते चार पातळ हात. मग उजेड चढवायला स्पंज, कुरियरच्या खोक्यात येतो तो फोमचा तुकडा फाडून उजळ रंगात बुडवायचा, कागदावर टिपून बराचसा काढून टाकायचा आणि पत्र्याच्या वरच्या भागावर टपटप टेकवत जायचं. ब्रशच्या रेघा त्यात झाकल्या जातात आणि ठिपक्या-ठिपक्यांमुळे तोच ताण्याबाण्याचा परिणाम येतो. खरं सांगायचं तर जुन्या, वापरलेल्या चिलखताला मला हे एअरब्रशपेक्षा जास्त आवडतं.

वेट पॅलेटशिवाय सोलापुरात ॲक्रेलिकचं काम करू नका, साध्या प्लेटवर रंग पाच मिनिटांत चामडं धरतो. विकत आणायची गरज नाही. झाकणाचा चपटा डबा, त्यात जुन्या टॉवेलचा घडी घातलेला तुकडा, तो पूर्ण भिजेल पण वर पाणी तरंगणार नाही एवढं पाणी, आणि त्यावर केक भाजायला वापरतात तो बटर पेपर, मेण लावलेला नको. रंग कागदावर काढायचा, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला राहतो. तीन दिवसांनी टॉवेल धुवून टाका नाहीतर वास येतो. आणि पाणी फिल्टरचं घ्या. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, बऱ्याच घरांत बोअरचं भरून ठेवलेलं असतं, त्या जड पाण्यात वॉश पातळ केला तर वाळल्यावर खाचेत पांढरे क्षार दिसतात, बादलीच्या कडेला येतात तसेच.

चादरीची किनार

नाइटचं घराणं आपलं आपण ठरवायची मुभा ह्या गेममध्ये आहे, रंग आणि चिन्हं तुमची. मी कारापेसवर सोलापुरी चादरीची किनार घेतली, मरूनवर मोहरी रंगाचा पट्टा आणि त्यात हिरव्या चौकटी. सरळ पट्टा हाताने येत नाही, मास्किंग टेप लागतोच. टेप आधी एकदोनदा पँटवर चिकटवून काढा म्हणजे त्याची पकड जरा कमी होईल आणि खालचा रंग उपटून येणार नाही. टेप लावला की त्याच्या कडेवरून आधी खालचाच रंग, म्हणजे मरूनच, एक हात फिरवा. टेपच्या खाली जे झिरपायचं ते मरून झिरपतं, मरूनवर मरून दिसत नाही, आणि कड बंद होते. मग क्रीम रंगाचा एक थर, मग मोहरी, कारण पिवळा रंग थेट मरूनवर झाकतच नाही. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, हळू, स्वतःवरच दुमडत मागं ओढून काढा. चौकटींसाठी टेपचे चौरस कापत बसलात तरी चालेल, मी पेन्सिलने बारीक खुणा करून ब्रशनेच भरल्या, जवळून थोड्या वाकड्या आहेत पण त्यातच हाताने विणल्यासारखं वाटतं.

किटमधले ट्रान्सफर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावायचे असतील तर त्या जागी आधी ग्लॉस वार्निश मारा. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, ट्रान्सफरच्या खाली हवा अडकते आणि चंदेरी दिसते. घुमटावर बसत नसेल तर कडेला दोन-तीन बारीक चिरा द्या आणि मायक्रो सोल (ट्रान्सफर मऊ करणारं द्रव) लावून सोडून द्या, आधी सुरकुत्या पडतात, घाबरू नका, हात लावू नका, वाळताना तो आपोआप ताणून बसतो.

ग्लॉस मारलेलाच आहे तर ऑइल वॉश पण आत्ताच करून घ्या, मोठ्या पत्र्यांवर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. कलेच्या दुकानातला साधा ऑइल रंग, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा, पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो. मग पेंटच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करा आणि बारीक ब्रशचं टोक फक्त खाचेला, रिव्हेटच्या बुडाला टेकवा, रंग खाचेतून स्वतः पळत जातो. बाहेर सांडलेला अर्ध्या तासाने टर्पेंटाइन लावलेल्या इअरबडने पुसा, वरून खाली, पाऊस ज्या दिशेने ओघळेल त्या दिशेने. चुकलं तर सगळं पुसून परत करता येतं, ॲक्रेलिक वॉशमध्ये ही सोय नाही. एकच सांभाळा, टर्पेंटाइन उघड्या प्लास्टिकला लागू देऊ नका, ताण असलेल्या जोडावर ते आत शिरलं की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. वार्निश सगळीकडं नीट बसलंय ना बघा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि वाळायला पूर्ण एक दिवस द्या.

कडा, खरचटे, धूळ

कडांना उजळ रेघ द्यायला ब्रशचं टोक नको, ब्रशची कूस वापरा, कडेवरून आडवी ओढायची, कड स्वतःच रेघ सरळ ठेवते. सगळ्या कडा करू नका. वरच्या, आणि चेहऱ्याजवळच्या. मोबाइलवर मॉडेलचा फोटो काढून काळा-पांढरा करून बघा, चेहरा आणि खांदे पायांपेक्षा उजळ दिसत नसतील तर अजून काम बाकी आहे.

खरचट्यांसाठी परत तोच फोम, गडद तपकिरी रंगात, फक्त जिथं खरंच घासलं जाईल तिथं, पावलं, गुडघे, हाताच्या कडा. मोठ्या खरचट्याच्या खालच्या कडेला उजळ मरूनची केसाएवढी रेघ दिली की रंगाचा पोपडा निघाल्यासारखं खोल दिसतं. इथं हात आवरायचा, मी एका नडगीवर इतके मारले होते की परत मरून लावावा लागला.

आमच्या गल्लीत गणपती रंगवणारे एक काका आहेत, ते डोळ्यांची आखणी कायम सगळ्यात शेवटी, एकटे बसून करतात. नाइटच्या डोळ्यांच्या भिंगांना मी तेच करते. काळं, मग खालच्या अर्ध्यात गडद हिरवा, खालच्या कोपऱ्यात उजळ हिरवा, आणि वरच्या उलट्या कोपऱ्यात पांढऱ्याचा एक ठिपका. काच वरून काळी आणि खालून उजळ दिसते म्हणून हा उलटा क्रम. हात टेबलाला टेकवून, श्वास सोडताना.

बेस आणि शेवटची जोडणी

बेस, म्हणजे मॉडेल ज्यावर उभं राहतं ती तबकडी, आपल्याच मातीचा करा. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात जशी भेगाळते तशी दाखवायला महागडं काही लागत नाही. बेसला फेव्हिकॉलचा जाड थर लावा, बोटाला चिकटेल इतपत सुकू द्या आणि त्यावर ॲक्रेलिक रंग जाडसर, एकाच हातात लावा. वरचा रंग आधी वाळतो, खालचा फेव्हिकॉल आकसतो आणि भेगा पडतात, आणि इथं मात्र आपलं ऊन मदतीला येतं. मोठ्या भेगा हव्या तर थर जाड. बेसॉल्टचे काळे खडे तर अंगणात मिळतात, धुवून, वाळवून सुपरग्लूने चिकटवा. खरी माती वापरायची असेल तर मलमलच्या कापडातून चाळा आणि जुन्या तव्यावर भाजून घ्या म्हणजे त्यात काही जिवंत राहणार नाही. तीच चाळलेली माती थोडी पावलांवर आणि नडग्यांच्या खालच्या भागावर कोरड्या ब्रशने लावा, म्हणजे मॉडेल त्या जमिनीवरून चालत आल्यासारखं दिसतं. वाळलेली काळी माती काळी दिसत नाही, करडी-तपकिरी दिसते, रंग निवडताना हे ध्यानात ठेवा.

सगळे भाग सुटे असतानाच मॅट वार्निश मारा, भिंगं सोडून, त्यांना नंतर ब्रशने ग्लॉस. मातीवर जोरात फवारा नको, उडून जाते, लांबून हलका. एक दिवस वाळल्यावर गोंदाच्या जागेवरचे टेप काढा, कुठं रंग राहिला असेल तर पात्याने खरवडा आणि खालून वर जोडत जा, पाय बेसवर, मग नडग्या, मांड्या, कंबर, डोकं, कारापेस, शेवटी हात. सुपरग्लू टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. जास्त लावला तर त्याच्या वाफेने आजूबाजूचं वार्निश पांढरं पडतं. एक पत्रा बसला की दहा मिनिटं थांबायचं.

मला हे सगळं करायला जवळजवळ दोन महिने लागले, रोज रात्री तासभर आणि रविवारी जास्त. आता तो काचेच्या कपाटात आहे कारण उघड्यावर ठेवला तर लूमचे तंतू पंधरा दिवसांत कारापेसवर जमा होतात. कपाट नसेल तर कोरड्या मेकअप ब्रशने वरून खाली हलकं झाडत राहा, कापडाने पुसू नका, टॉवेलने तर नाहीच, त्याचे धागे नाइटच्या हातातल्या करवतीसारख्या तलवारीच्या दात्यांत अडकतात आणि काढताना दातेच तुटतात.